गिअर आधी टाक

बुलढाणा,
माघ पौर्णिमा

प्रिय सोनूस,


तिकडे जर्मनीत क्राइखगाऊच्या पोहणं-सायकल-धावण्याच्या शर्यतीत नाव नोंदवल्याचा तुझा निरोप आला आणि घरात एकदम धांदल उडाली. तुझी आई काळजीत पडली, मला आनंद झाला आणि तुझे आबा आजोबा नकाशा मागत बसले. निरोपाच्या शेवटी तू विचारलं होतंस, की फोटोत माझ्या सायकलच्या हँडलवर पांढरी चिकटपट्टी दिसते, तिच्यावर बॉलपेननं 'गिअर आधी' असं का लिहिलंय? फोनवर सांगून भागलं असतं. पण तुझ्या शर्यतीची निम्मी तयारी त्या पट्टीच्या गोष्टीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

गोष्ट आपल्या घाटापासून सुरू होते. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आपल्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावरचे तालुके. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. घाटावरचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीला जातं, घाटाखालचं पूर्णेतून तापीला. आपलं शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, पण रेल्वे खाली मलकापूरला. मुंबईची गाडी धरायची तर राजूर घाट उतरावाच लागतो. बुलढाणा ते मलकापूर सुमारे 45 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 90. तुझ्या शर्यतीतला सायकलचा टप्पा तेवढाच आहे. आपल्या रस्त्यावर मात्र उतार आधी लागतो, मग मोताळ्याच्या पुढची सपाटी आणि समोरून येणारा वारा, आणि अंग थकल्यावर सगळ्यात शेवटी घाट.

आबांनी उभी नोकरी याच रस्त्यावर एसटी चालवून केली. तू त्यांना ओळखतेस ते निवृत्तीनंतरचे. मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर पाहिलंय. त्या वेळच्या गाड्यांत खालचा गिअर टाकायचा म्हणजे डबल क्लच मारावा लागे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. हे सगळं होईपर्यंत भरलेली गाडी चढावर वेग गमावून बसते. गिअर बसला नाही तर ती जागेवर उभी राहायची. मग कंडक्टरनं उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा आणि ड्रायव्हरनं साठ-सत्तर माणसांचा भार पुन्हा शून्यातून उचलायचा. म्हणून घाटातले जुने ड्रायव्हर चढ सुरू व्हायच्या आधी, गाडीला वेग असतानाच, गिअर टाकून मोकळे होत. उतरतानाही नियम ठरलेला होता, की ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं.

माझं म्हणशील तर 2015 साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांच्या दोनजणांच्या संघानं 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पार केली, तेव्हापासून मन तिकडे लागलं होतं. 2017 मध्ये आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच शर्यत एकट्यानं, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या आत पुरी करून आले. विदर्भातला माणूस हे करू शकतो म्हटल्यावर आमच्यासारख्यांना हुरूप आला. मग 20 ऑक्टोबर 2019 ला गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर तुझ्या शर्यतीसारखीच आयर्नमन 70.3 भारतात पहिल्यांदा झाली आणि आपल्या सैन्यातल्या बिश्वोरजित सैखोमनं ती जिंकली. हा आकडा मैलांचा आहे. आपल्या हिशेबात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, सगळं मिळून 113. मी 2022 ची शर्यत धरली आणि आबांना जाऊन विचारलं, घाट कसा काढायचा?

त्यांनी तोंडी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसून ते निघाले. मलकापूरहून परत येताना राजूर गाव मागं पडलं. रस्ता जरासा उचलू लागला होता, पण खरा चढ वळणाआड होता. पाय हलके चालले होते आणि गिअर बदलावा असं काहीच वाटत नव्हतं. तेवढ्यात मागून आवाज आला, "आता!" मी लिव्हर दाबला. साखळी अलगद मोठ्या दात्यांच्या चकतीवर चढली, खरखर नाही की झटका नाही. पाय क्षणभर रिकामे फिरल्यासारखे वाटले. वळण संपलं, चढ समोर उभा राहिला, तेव्हा पाय आधीच त्याच्या तालात फिरत होते. वर पोचल्यावर आबा म्हणाले, "घाट लागाच्या आंधी गिअर टाकून घेजो. चढावर हुडकत बसशीन तं गाडी मांगं येईन." घरी आल्यावर औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी काढून त्यांनी स्वतःच्या हातानं ते दोन शब्द लिहिले आणि हँडलवर चिकटवले. ती हीच पट्टी.

यामागचं यंत्रशास्त्र साधं आहे. चढावर पेडलवर जोर पडला की साखळी ताणली जाते आणि ताणलेली साखळी बाजूला सरकायला तयार नसते. ती घासते, अडते, कधी निसटते. ताण कमी असताना बदललेला गिअर मुकाट्यानं बसतो.

दुसरी गोष्ट गिअरच्या आकाराची. तुझ्या सायकलला पुढची लहान चकती 34 दात्यांची आहे असं तू लिहिलंस. मागची सर्वांत मोठी चकतीही 34 ची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.1 मीटर पुढं जाते. मिनिटाला 70 फेरे मारलेस तर ताशी पावणेनऊ किलोमीटर होतात. चांगल्या खड्या चढाला हा वेग पुरतो. मागं मोठ्यात मोठी चकती 25 ची असेल, तर त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम 51 फेरे बसतील आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर तेवढा जास्त भार येईल. दम थोड्या विश्रांतीनं परत येतो, पण मांड्यांतली ताकद एकदा खर्ची पडली की त्या दिवशी परत येत नाही. आणि सायकलवरून उतरल्यावर तुला 21 किलोमीटर धावायचंय.

आता तुझ्या रस्त्याबद्दल. क्राइखगाऊच्या भागाला तिकडे हजार टेकड्यांचा प्रदेश म्हणतात. आपला राजूर घाट एकच आणि सलग, त्यामुळे माणूस त्याची मनाशी तयारी ठेवतो. तुझ्या टेकड्या छोट्या आणि एकामागून एक येतील. त्यात धोका असा, की छोटा चढ दिसला की माणूस म्हणतो, एवढासा तर आहे, उभं राहून रेटून टाकू. असे वीस चढ रेटले की पाय संपतात. सपाटीवर वेग वाढवू पाहिलं तर हवा अडवते आणि वेग दुप्पट करायला हवेशी झुंजण्यापुरती ताकद आठपट लागते. चढावर वेग कमी असतो आणि तिथं वजन अडवतं. त्यामुळे चढावर थोडा जास्त जोर लावणं फायद्याचं आहे, पण थोडाच. अख्खं वाक्य न अडखळता बोलता येत असेल तर ठीक. बोलताना धाप लागत असेल तर जोर कमी कर, मागचे पुढं गेले तर जाऊ दे. माथ्यावर पोचताच पाय सोडून देऊ नकोस, वेग धरेपर्यंत दहा-पंधरा फेरे मार, मग उतार आपोआप काम करतो. उतारावर वळणाच्या आधी ब्रेक लाव, वळणात नको.

तू राहतेस त्या कार्लस्रूहेहून तो रस्ता जवळ आहे. शर्यतीआधी दोन-तीनदा तरी जाऊन ये आणि कुठल्या गावानंतर कुठला चढ लागतो ते लिहून ठेव. मीही इथं रस्ते असेच पाठ केले. खामगावकडे जायला बोथ्याचा घाट आहे, पण तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. 2019 मध्ये टिपेश्वरहून तेराशे किलोमीटर चालत आलेला वाघ तिथंच येऊन राहिला होता. शिवाय अस्वलं आणि बिबटे आहेतच. तिथं उजाडल्याशिवाय जायचं नाही, हा माझा नियम आहे. तुझ्याकडे वाघ नाही, पण अंधारात, पावसात, ओल्या पानांवर उतार उतरायचा नाही, हा नियम तू कर.

वेळ यायच्या आधी तयारी करायची, हेच धोरण पोहण्यालाही लागू आहे. मी विहिरीत गोल गोल फिरून पोहायला शिकलेला माणूस. पुढं अकोल्याला जाऊन तरणतलावात अंतर वाढवलं. 25 मीटरच्या तलावात 76 लांब्या झाल्या की 1.9 किलोमीटर होतात. तुझं पोहणं माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण शर्यतीच्या तळ्यात भिंत नसते आणि तळाची रेघही नसते. दर सहा-आठ हातांमागं डोळे पाण्याबाहेर काढून बोया बघण्याची सवय लाव. वेटसूट छातीला आवळतो. तो पहिल्यांदा शर्यतीच्या सकाळी चढवायचा नाही, आधी थंड पाण्यात घालून पाहा. पहिले दोनशे मीटर मुद्दाम हळू जा. श्वास बसला की पुढचं पोहणं होऊन जातं.

खाणंही आधीच. शरीरात साठलेली साखर जेमतेम दोन हजार कॅलरींची असते आणि तुझी शर्यत त्याहून बरंच जास्त मागणार. भूक लागल्यावर खाल्लेलं वेळेवर पोचत नाही. सायकलवर बसल्यावर पंधरा मिनिटांनी सुरुवात कर आणि तासाला 60 ग्रॅम कर्बोदकांचा हिशेब धर. सवय झाल्यावर थोडं वाढव. एका केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. मी गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी यांवर गोवा काढला. तू जेल घे नाहीतर चिक्की, पण जे सरावात पचलं तेच शर्यतीत.

आणि धावणं. आठवड्यातून एकदा लांब सायकल झाल्यावर उतरून लगेच वीस मिनिटं धाव. सुरुवातीला पाय आपले वाटत नाहीत, ते दोन-तीन किलोमीटरनंतर ताळ्यावर येतात. हे अंगाला एकदा माहीत झालं की शर्यतीत घाबरायला होत नाही. तीन आठवडे वाढवत न्यायचं, चौथा हलका ठेवायचा, शेवटचे दोन आठवडे निम्म्यावर आणायचे. आजारी पडलीस तर बुडालेला सराव भरून काढायला जाऊ नकोस, आहे तिथून पुढं चल.

बहुतेक 70.3 शर्यतींना साडेआठ तासांची मुदत असते. पहिल्या खेपेला त्या मुदतीत हसत पोचणं हेच ध्येय ठेव. तू दमदार आहेस. पण चढाच्या आधी थोडं मागं राहायला धीर लागतो आणि ज्याच्याकडे तो असतो, तो शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये चालणाऱ्यांना मागं टाकत धावतो. हे मी गोव्यात पाहिलंय आणि अनुभवलंय. तुझ्यातही तो धीर आहे, कारण तू आबांची नात आहेस.

या आठवड्यात एक काम कर. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते मोज आणि मला कळव. 30 पेक्षा कमी असतील तर कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आत्ताच बदलून घे. मेमध्ये, शर्यतीच्या तोंडावर, बदललीस तर नव्या गिअरची सवय व्हायला वेळ उरणार नाही. दुकानदाराला साखळी सरकवणारा मागचा डिरेल्यर तेवढी मोठी चकती पेलतो का, हेही विचार. आणि रविवारी आबांना फोन कर. तिकडचे घाट केवढे, वळणं कशी, रस्ता रुंद आहे का, हे ते रोज मला विचारतात. तो रस्ता मी पाहिलेला नाही. तू सायकलवरून पाहून ये आणि त्यांना सांग. ऐकायला त्यांना थोडं कमी येतं, तेव्हा जरा मोठ्यानं बोल.

तुझा,
मामा