‘रन’च्या मागे काही दिवस

३ जून

सबमर्सिबल पंपाची माहितीपुस्तिका मराठीत आणायचं काम हातात आहे. सोबत कुणीतरी पूर्वी केलेला मसुदाही आलाय. सूचनांच्या पानावर मूळ इंग्रजीत आहे की पंप ‘ड्राय रन’ करू नये. मसुद्यात त्याचं झालंय : ‘पंपाची रंगीत तालीम घेऊ नये.’ हे पान हातात घेऊन बोअरपाशी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याने काय करायचं? ज्या एका ओळीने त्याची मोटर वाचायची, तीच ओळ फुकट गेली.

लिहिणाऱ्याला शब्द कुठून सुचला असेल, ते मात्र कळतं. २ जानेवारी २०२१ ला करोना लसीकरणाचा देशभर ड्राय रन झाला. आपल्याकडे पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबारला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हा शब्द घरोघरी पोचला. लस न टोचता बाकी सगळं करून बघणं, असा त्याचा अर्थ. तो ड्राय रन करायलाच हवा होता, आणि हा होऊच द्यायचा नाही. इंग्रजीत शब्द मात्र तेच दोन.

४ जून

कोपऱ्यावरच्या रिवाइंडिंगवाल्या काकांकडे जाऊन आले. समोर उघडलेली मोटर, जळक्या वार्निशचा वास, काळी पडलेली तांब्याची वेटोळी. म्हणाले, “ताई, पाणी तुटलं की मोटर हलकी होते. कोरडी पळते. अँपिअर पडतात. तेवढ्यात पॅनेलने बंद केली तर वाचली, नाहीतर आमच्याकडे.”

तीन-चार वाक्यांत सगळं यंत्रशास्त्र आलं. उपसलं जाणारं पाणीच मोटरला गार ठेवतं आणि पंपाच्या बेअरिंगला वंगण पुरवतं. ते तुटलं की ओढायला भार उरत नाही, म्हणून करंट घटतो. स्टार्टर पॅनेलमधला ड्राय रन प्रिव्हेंटर ही घटच ओळखतो आणि मोटर पाडतो. ओळ ठरली : ‘पाणी तुटल्यावर मोटर कोरडी पळू देऊ नका, जळेल.’

‘पळते’ हे काकांचं क्रियापद मला फार आवडलं. आपल्याकडे रिक्षाचं मीटर पळतं, विजेचं पळतं, नवी गाडी चांगली पळते. शाळेच्या मराठीत आपण ‘कार्यरत असते’ असं काहीतरी लिहून मोकळे होतो.

६ जून

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’चा पसारा वाचतेय. पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने तिला मागे टाकलं. पीटर गिलिव्हर या संपादकाने या एका क्रियापदावर नऊ महिने काम केलं आणि ६४५ अर्थ वेगळे काढले. त्याआधी पहिल्या आवृत्तीतलं ‘आर’ अक्षर १९०१ साली संपादक झालेल्या विल्यम क्रेगी यांच्याकडे होतं. कोश पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं.

नऊ महिने एका शब्दावर! मला यात विक्षिप्तपणा दिसत नाही, निष्ठा दिसते. अर्थ डोक्यातून काढायचे नाहीत. छापलेली वाक्यं जमवायची, प्रत्येकाचं साल लिहायचं, ती जवळजवळ मांडायची आणि शब्द कुठे वळला ते बघायचं. पहिल्या आवृत्तीचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना चिठ्ठ्या पाठवायचं आवाहन केलं होतं. कोश उभा राहिला तो त्या चिठ्ठ्यांवर.

७ जून

पायांनी धावणं आणि पाण्याचं वाहणं हे ‘रन’चे जुने अर्थ. खरी गर्दी केली यंत्रांनी. कारखाना, आगगाडी, छापखाना, पुढे संगणकाचा प्रोग्रॅम, जे जे स्वतःच्या जोरावर चालू राहतं त्याला हाच शब्द लागला. मराठी इथे हात सैल सोडते : नाक गळतं, धुण्यात रंग जातो, दुकान चालवतात, रस्ता गावातून जातो. अमेरिकेत पायमोज्याची वीण उसवत गेली की तोही ‘रन’, इंग्लंडात त्याला शिडी म्हणतात.

क्रिकेटमध्ये चौकार गेला की कुणी पळावं लागत नाही, तरी फलकावर चार धावा लागतात. मराठीनेही ते निमूट मान्य केलं.

बँकेचा ‘रन’ मात्र अडतो. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉकच्या शाखांबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या, ते हेच. ‘झुंबड’ म्हटलं तर गर्दी येते, पण पैसे बुडण्याची धास्ती येत नाही. दुसऱ्याने काढले म्हणून मीही काढतो, ही साखळीही येत नाही. अजून शब्द मिळालेला नाही.

९ जून

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढून बसले. १९३२ ते १९३८ या काळात सात खंड, १९५० मध्ये पुरवणी. त्या माणसांनी गावोगावची बोली, जुनी कागदपत्रं, धंद्यांचे शब्द उपसले. त्यानंतर आपल्या शेतात मोटर आली, पॅनेल आलं, ठिबक आलं, आणि लोकांनी त्यांच्याभोवती क्रियापदं वळवली. ती साल आणि वाक्यासकट कुणीतरी टिपायला हवीत, नाहीतर पुढचा अनुवादक पुन्हा रंगीत तालीमच लिहील.

आज सुरुवात केली. पहिली चिठ्ठी : पडणे, विजेच्या प्रवाहाविषयी, कमी होणे. ‘अँपिअर पडतात.’ मोटर रिवाइंडिंगचे कारागीर, तोंडी, २०२४. दुसरी : तुटणे, पाण्याविषयी, उपसा थांबणे. तिसरीला ‘मोटर पाडणे’ घेतलंय. ते पॅनेलने आपोआप बंद करण्यापुरतंच वापरतात, की हाताने बटण दाबून बंद केली तरीही, हे काकांना विचारायचंय.