वारस

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही लहानशी कादंबरी, जिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, मी बहुतेक प्रत्येक उन्हाळ्यात, सक्करदऱ्याच्या तलावावरचा वारा दिवेलागणीला जरा निवू लागला की, पुन्हा हाती घेतो. आणि दर खेपेस एकाच जागी अडखळतो. वानरांच्या टोळीवर नवा नर चालून येतो, जुन्या धन्याला हुसकावतो, आणि मग अंगावर पिणारी पिल्ले त्याच्या दातांना बळी पडू लागतात, ती ही जागा. लेखक तिथे हळहळत नाही, निवाडाही देत नाही. धारवाडच्या रानात सुगियामा या जपानी संशोधकाने साठीच्या दशकात असला प्रकार टिपून ठेवला. पुढे अबूच्या वानरांमागे हिंडलेल्या सारा हर्डी या विदुषीने त्याची उपपत्ती लावली, की पिल्लू गेले म्हणजे माता लवकर माजावर येते आणि अल्पकाळच्या धन्याला आपला वंश रुजवायला सवड मिळते. उपपत्ती पटते, पान मात्र उलटवत नाही.

त्याला कारण हे नागपूर गावच असावे. सत्तांतर हा शब्द मूळचा दरबाराचा, आणि १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, तेव्हा राजघराण्याने पुढे केलेला दत्तक वारस कंपनी सरकारने नामंजूर करून सारा मुलूख खालसा केला. दात-नखांचे काम कागदावरच्या शाईने उरकले. मग वाड्यातल्या चीजवस्तूंची जप्ती झाली, आणि हत्ती, घोडे, बैल मातीमोल भावाने बाजारात उभे राहिले. (त्या मुक्या जनावरांचे सत्तांतर लिहायला कोणी माडगूळकर नव्हता!) ज्याची सत्ता गेली त्या घराण्याचा वाडा पुढे सक्करदऱ्यात नांदला, आणि १९०८ साली राजे रघुजीरावांनी अवलिया ताजुद्दीनबाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून तिथेच आणले, राज्य नसलेल्या राजाच्या दारी मग माणसांची रीघ लागली.

गेल्या वैशाखात आमच्या आळीतल्या चिंचेवर वानरांची टोळी उतरली होती. काळसर लवेचे, नुकतेच जन्मलेले एक पिल्लू या मादीच्या कुशीतून त्या मादीच्या कुशीत निर्धास्त फिरत होते, आणि टोळीचा धनी कुंपणाच्या भिंतीवर शेपूट लोंबती सोडून, एकटक, उमरेड रस्त्याच्या दिशेने पाहत होता. मी पुस्तकात बोट घालून तसाच बसून राहिलो.