खुर्चीत बसून हरणं

न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस अटलांटिक सिटीला जातो तो पाहुण्यांना समुद्र आणि कसिनो दाखवायला. सप्टेंबर 2021 मध्ये मी गेलो ते हॅराज रिसॉर्टमध्ये चाललेली यूएस ओपन पूल चॅम्पियनशिप बघायला. आदल्या वर्षीची स्पर्धा कोविडनं खाल्लेली. त्या वर्षी 256 खेळाडू उतरलेले, आणि भल्यामोठ्या हॉलमध्ये रांगेनं मांडलेल्या टेबलांवर एकाच वेळी सामने. एका टेबलावर डोळे लावावेत तर पाठीमागे कुणाचा तरी ब्रेक फुटायचा.

बरोबर मामेभाऊ होता. पुण्यात क्लबात बिलियर्ड्स खेळलेला, त्यामुळे विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मले आणि 1958 साली जगज्जेते झाले, हे तो भेटेल त्याला ऐकवतो. इथं शेजारी बसलेल्या फिलिपिनो काकांनाही ऐकवून झालं. थोड्या वेळानं मला म्हणतो, "अरे, सगळे सरळच तर शॉट आहेत. हे आपणही मारू."

खरी गोम तिथंच आहे. इथं खेळतात त्या नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यांत लहान आकड्याच्या बॉलला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. नियमानं नऊ नंबर गेला की रॅक, म्हणजे तो डाव, तुमचा. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी हातानं उचलून रेषेवर ठेवता येतो. इथं पांढरा थांबला तिथूनच पुढचं. आमच्या समोरच्या टेबलावर एकानं चार नंबर अगदी हलक्या हातानं घातला. पांढरा दोन कुशनांना लागून सावकाश टेबलाच्या मधोमध आला आणि पाच नंबरच्या रेषेत थांबला. टाळी पडली ती त्या थांबण्याला. पाचचा शॉट मग शेंबड्या पोरानंही मारला असता. मामेभाऊ गप्प झाला.

त्या टेबलावरचा दुसरा खेळाडू मात्र खुर्चीत बसून स्वच्छ क्यू पुन्हापुन्हा पुसत होता. टेनिसमध्ये हरणाऱ्याला निदान धावता तरी येतं. इथं समोरच्यानं ब्रेक केला आणि सगळे बॉल साफ केले, की तुम्ही उठायचंसुद्धा नाही. इतका क्रूर खेळ मी दुसरा बघितलेला नाही, आणि हे मत बदलायची माझी तयारीही नाही.

फायनल फिलिपिन्सचा कार्लो बियाडो आणि सिंगापूरचा अलॉयसियस यॅप यांच्यात. आधी 13 रॅक घेईल तो जिंकला. यॅप 8-3 असा पुढे गेला तेव्हा काकांनी हातातलं सँडविच तसंच कागदात गुंडाळून ठेवलं. त्यानंतर बियाडोनं एक रॅक घेतला, मग दुसरा. 8-8 झाल्यावर काका उभे राहिले ते खाली बसलेच नाहीत. लागोपाठ दहा रॅक! 13-8. शेवटी शेवटी माझी नजर टेबलापेक्षा यॅपच्या खुर्चीकडेच जात होती.

फिलिपिनो मंडळींनी हॉल डोक्यावर घेतला. 1994 साली त्यांच्याच एफ्रेन रेयेसनं ही स्पर्धा जिंकली होती, आणि तोवर अमेरिकेबाहेरच्या कुणालाच ते जमलं नव्हतं. बियाडो एके काळी गोल्फ कोर्सवर कॅडी होता, हेही काकांनीच सांगितलं. विल्सन जोन्सची परतफेड झाली म्हणायची.

ऑगस्ट 2025 मध्ये याच अटलांटिक सिटीत यॅप यूएस ओपन जिंकला. मी मामेभावाला लगेच निरोप धाडला. त्यानं अभिनंदन वगैरे काही लिहिलं नाही, एवढंच विचारलं, "खुर्चीत कोण होतं?"

फेडर गोर्स्ट, मी कळवलं. आदल्या वर्षीचा जगज्जेता.