मिस आणि चुकणं

इंदूरच्या रामबागेत घरी मराठी आणि ओटा उतरलं की हिंदी, अशी आमची लहानपणची तऱ्हा. इंग्रजीतलं ‘मिस’ शाळेत भेटलं. आधी शिकवणाऱ्या बाई म्हणून, मग क्रियापद म्हणून: बस मिस झाली, कॅच मिस झाला.

पुढे माझी लेक पुण्याहून फोनवर म्हणायची, “आजी, तुला खूप मिस करते.” आई विचारायची, “म्हणजे काय करतेस गं?” लेक म्हणे, “याद येते तुझी.” आई हसायची, “मग असं म्हण ना, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं!”

खरंच, आपलं ‘चुकणं’ही मिससारखंच चौफेर. सरवटे बस स्टँडवर गाडी चुकते, गोट्यांचा नेम चुकतो, जत्रेत पोर चुकतं. फरक एवढाच, की मिस ‘करावं’ लागतं. चुकल्यासारखं आपोआप होतं.

आई जाऊन 2 वर्षं झाली. दुपारी चहाला तीनाऐवजी दोनच कप पाणी ठेवतो, तेव्हा ना हिंदी आठवत, ना इंग्रजी. नुसतं चुकल्याचुकल्यासारखं होतं.