आतली बातमी आणि बाहेरचा माणूस

थोडं मोठं लिहितोय. सवडीने वाचा, पण वाचा.

सकाळी वडाळे तळ्यावर फिरायला आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप असतो. परवा विषय निघाला कर्नाळा बँकेचा. पनवेलमध्ये हा विषय निघायला निमित्त लागत नाही. सगळ्यांनी मिळून संचालक मंडळाचा उद्धार केला. पाच मिनिटं झाली असतील, आमच्यातला एक तरुण मुलगा माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही एवढी वर्षं कंपनीत अकाउंट्सला काढलीत. ओळखी असतीलच. एखादी आतली बातमी असेल तर सांगा ना, दोन पैसे आम्हीही कमवू."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण अशी एक बातमी मी एकदा दिलेली आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तळोजा एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती, माझी होती. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली. तिमाहीचे आकडे बोर्डापुढे जाण्याआधी आमच्या टेबलावर तयार व्हायचे. त्या तिमाहीत नफा दुपटीच्या आसपास होता. निकाल जाहीर व्हायला आठ दिवस होते.

मेहुण्याचा फोन आला. तो तेव्हा शेअरमध्ये नवा नवा पडला होता. "भाऊजी, काही विचारत नाही. फक्त घ्यायचा की नाही, एवढंच सांगा." मी म्हटलं, "यंदा दिवाळी जोरात करा." बस्स, एवढंच. आकडा सांगितला नाही, कागद दाखवला नाही. मनाची समजूत घातली की आपण काहीच सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्याकडचे एक फिटर माझ्या टेबलाशी आले. कंपनीने इश्यू काढला तेव्हा कामगारांना शेअर दिले होते, ते त्यांनी जपून ठेवले होते. म्हणाले, "साहेब, मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायचीय. शेअर विकू का थांबू? तुम्हाला कळतं यातलं."

मी त्यांना काय सांगितलं माहितीये? "हे बघा, असं काही सांगता येत नाही. नियम आहे."

नियम खराच होता. कंपनी सेक्रेटरीचं परिपत्रक आलं होतं, त्यावर माझी सही होती. फिटरला मी नियम लावला तो बरोबरच होता. पण तोच नियम मेहुण्याला लावला नाही. फिटरने शेअर विकले. पुढच्या आठवड्यात निकाल आला आणि भाव तीस टक्के वर गेला. मेहुण्याने घरी मिक्सर आणून दिला. आमच्या हिने कौतुकाने वापरला. मी त्याच्याकडे बघायचं टाळायचो.

फिटरचेच शेअर मेहुण्याने घेतले असं मी म्हणत नाही. बाजारात कोणाचा माल कोणाकडे जातो ते कळत नाही. म्हणून तर हा गुन्हा कोणाला गुन्हा वाटत नाही. ना कोणाचं कुलूप तोडलं, ना कोणाच्या खिशात हात घातला. पण ज्याने स्वस्तात विकलं त्याला ते माहीत असतं तर त्याने विकलं असतं का? नसतं विकलं. म्हणजे जो फायदा झाला तो कोणाच्या तरी घरातूनच आला.

मोठ्यांचंही असंच चालतं. 1996 मध्ये हिंदुस्थान लिव्हरने ब्रुक बाँड लिप्टनचे आठ लाख शेअर युनिट ट्रस्टकडून घेतले आणि काही दिवसांनी दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली. 1998 मध्ये सेबीने ही आतल्या माहितीवरची खरेदी ठरवली. अपिलात तो आदेश टिकला नाही, ते सोडा. मला लागतं ते वेगळंच. विकणारा कोण होता? युनिट ट्रस्ट. म्हणजे तुमच्या-माझ्या वडिलांनी पगारातून वाचवून घेतलेली युनिट्स.

आज नियम आणखी कडक आहेत. 2015 चे सेबीचे नियम सांगतात की शेअर घेणं-विकणं तर सोडाच, कामाशिवाय बाहेरच्याला माहिती सांगणं हाही गुन्हा. तिमाही संपली की निकाल जाहीर होऊन 48 तास होईपर्यंत आतल्या लोकांना व्यवहार बंद. म्हणजे 'मी फक्त बोललो' या सबबीला अर्थ नाही.

आता कर्नाळ्याकडे येतो. तिथे शेअरचा प्रश्न नव्हता, खुर्चीचा होता. साठहून जास्त बनावट कर्जखाती, पाचशे कोटींच्या वरचा घोटाळा आणि पैसा अध्यक्षांशीच संबंधित संस्थांकडे वळवला, असा तपास यंत्रणांचा आरोप. बँकेचे अध्यक्ष आणि माजी आमदार विवेक पाटील यांना ईडीने जून 2021 मध्ये अटक केली. त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला. दोषी कोण ते कोर्ट ठरवेल, तो माझा अधिकार नाही. तेव्हा रिझर्व्ह बँकेने सांगितलं की सुमारे 95 टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण पैसे मिळतील. ऐकायला बरं वाटतं. पण विमा पाच लाखांपर्यंतच. उरलेले पाच टक्के म्हणजे कोणी अंबानी नव्हेत. निवृत्तीचा फंड एकरकमी ठेवला तरी पाच लाखांच्या वर जातो. जमिनीचा मोबदला ठेवला तर विचारूच नका. आणि आपल्या भागात मोबदल्याचे पैसे किती घरांत आले ते मी सांगायला नको. ईडीने जप्त केलेल्या मालमत्ता विकून त्यांचे पैसे परत मिळावेत यासाठी 2025 उजाडलं, तेव्हा कुठे सुमारे 386 कोटींच्या मालमत्ता अवसायकाकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला. तोवर किती जणांची लग्नं, ऑपरेशनं, घरं अडली असतील त्याचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात नाही.

दोन्ही गोष्टींत आकड्यांचा फरक प्रचंड आहे. माझा एक मिक्सर, तिथे शेकडो कोटी. पण मुळात गोष्ट एकच. आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि बाहेरचा आतल्यावर विश्वास टाकून बसलेला असतो.

आणि आपण पनवेलकर तर या बाबतीत तयारच झालोय. विमानतळ, नैना, नवे रस्ते... कोणता पट्टा कशात जाणार हे आधी कळावं म्हणून आपण किती जणांकडे चहा प्यायलो? सेबीचा कायदा शेअरला आहे, सातबाऱ्याला नाही. आराखडा आधी कळलेला माणूस ज्या शेतकऱ्याकडून गुंठे घेतो तो शेतकरीही माझ्या फिटरसारखाच. ज्याला बातमी मिळाली त्याला आपण 'हुशार' म्हणतो. आणि बँक बुडाली की 'चोर' म्हणतो.

मग करायचं काय? उपदेश करायची माझी लायकी नाही, एवढंच सांगतो. सहकारी बँकेत तुमचा शंभर रुपयांचा जरी शेअर असेल तरी तुम्ही मालक आहात. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायलाच हवी. अहवाल घरी येतो, तो रद्दीत टाकू नका. त्यात ऑडिटचा वर्ग बघा, थकबाकी बघा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाचा तक्ता शोधा. 2003 पासून ठेवीवरच्या कर्जासारखे अपवाद सोडले तर अशी कर्जं बंद आहेत. आकडा दिसला तर उभं राहून विचारा. नाश्त्याची प्लेट घेऊन परत येऊ नका. मी स्वतः कितीतरी सभांतून तसाच परत आलोय.

ते फिटर पुढे निवृत्त होऊन गावी गेले. मुलगी शिकली, नोकरीला लागली, असं ऐकलं. त्यांना मी कधी काही सांगू शकलो नाही. त्या मुलाला मात्र उद्या तळ्यावर ही सगळी गोष्ट सांगणार आहे. आतली बातमी मागितली होती ना, घे म्हणावं.