राजमान्य राजेश्री अलर्टराव यांसी

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपली रोज गाठ पडते, पण बोलणं सगळं एकतर्फी होतं. तुम्ही सांगता आणि मी ऐकतो. खरं तर ऐकतही नाही, न उघडताच डिलीट करतो. आज थोडं माझं ऐका.

आधी इकडची खुशाली. ऑफिसातले डेस्कटॉप भंगारात गेले, आणि टेबलाखाली पाय पसरायला जागा झाली. आता माणसाच्या हातात कुठलाही जुनापाना लॅपटॉप असला तरी चालतो. खरं विंडोज मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरात चालतं. अकाउंट्स आणि एचआरला विंडोज ३६५ चा ज्याचा त्याचा क्लाउड पीसी दिलाय. कॉल सेंटरची मंडळी ॲझ्युर व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या सामाईक मशीनवर बसतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात तीन ठिकाणी ॲझ्युर सुरू केलं. त्यातलं ‘सेंट्रल इंडिया’ पुण्यात आहे. म्हणजे आमची एक मुलगी नांदेडला घरी बसून काम करते आणि तिचा पीसी पुण्यात असतो. तिच्या आईला हे अजून पटलेलं नाही. ‘मग बिघडला तर बघतं कोण?’ हा त्या माउलीचा प्रश्न रास्त आहे. मी तुमचं नाव सांगितलं.

सांगितलं खरं, पण मनात जरा चरकलो. आता गाऱ्हाणं ऐका.

संध्याकाळी माणसं घरी गेली की खर्च वाचावा म्हणून स्केलिंग प्लॅन कॉल सेंटरची मशीन एकेक करून बंद करतो. आम्हीच त्याला तसं सांगून ठेवलंय. तुम्हाला मात्र हे कुणी कळवलेलं नाही. तुम्ही ‘हार्टबीट’ मोजत बसता. ठरलेल्या मिनिटांत मशीनकडून हूं की चूं आलं नाही, की तुमच्या लेखी ते गेलं. मग आमचं जेवण सुरू असताना फोन टेबलावर गुरगुरत राहतो. पहिलं मशीन गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं... आई विचारते, ‘अरे, कुणाचं काही बरंवाईट झालं का?’ तिला काय सांगू? सगळे झोपायला गेलेत, एवढंच झालंय. बरं, तुमच्याकडे शून्य ते चार अशा गांभीर्याच्या पायऱ्या आहेत, शून्य सगळ्यांत गंभीर. आमच्याकडे कुणीतरी उत्साहाच्या भरात सगळेच नियम शून्य आणि एकवर ठेवले. त्यामुळे झोपलेलं मशीन आणि पेटलेलं घर यांत तुमच्या आवाजात फरकच पडत नाही.

आणि ती वेळ! मध्यरात्री बाराला येता आणि वर लिहिता १८:३०. यूटीसी असतं, ठाऊक आहे. पण झोपेतून उठलेल्या माणसाला साडेपाच तासांची बेरीज करायला लावणं बरं नव्हे.

तिसरी तक्रार सगळ्यांत जिव्हारी लागणारी. क्लाउड पीसी उघडत नाही, हे तुम्ही मला मेलने कळवता. आमच्या सिक्युरिटीवाल्यांच्या कृपेने ऑफिसचं मेल फक्त क्लाउड पीसीच्या आतच उघडतं. म्हणजे कुलूप बिघडल्याची चिठ्ठी तुम्ही बंद घरातच टाकलीत.

रागावू नका, दोष सगळा तुमचा नाही हे मीही जाणतो. क्लाउड पीसी जिथून सांभाळतो त्या इंट्यूनमध्ये टेनंट ॲडमिनिस्ट्रेशनखाली तुमचं दप्तर आहे. तिथे कशावर नजर ठेवायची, किती झाल्यावर बोलायचं, किती गंभीर समजायचं आणि कुणाला मेल टाकायचा, हे आम्हीच भरायचं असतं. माणसं बाकीचं घाईत भरतात आणि शेवटच्या रकान्यात मात्र उदार होतात. ‘साहेबांनाही ठेवा’, ‘नेटवर्कवाल्यांनाही असू द्या’. मग मेल सगळ्यांना जातो आणि दुसरा कुणीतरी बघत असेल म्हणून प्रत्येक जण निवांत राहतो. त्या यादीत आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचा पत्ता अजून आहे. तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला. तिथले अलर्ट न वाचता डिलीट करत असेल.

जुन्या दिवसांत तुमचं काम माणसंच करायची. अकाउंट्सचे एक काका टेबलाशी येऊन नुसते उभे राहायचे. चष्मा कपाळावर गेलेला असला की समजायचं, टॅली उघडत नाहीये. आजही त्या बाबतीत माणसंच तुमच्यापेक्षा चपळ आहेत. लॉगिन झालं नाही की मिनिटभरात व्हॉट्सॲपवर ‘कुणाचं चालतंय का?’ येतं. तोवर तुमची नोंद लॉग ॲनालिटिक्सच्या वहीपर्यंतही पोचलेली नसते. मग तुमच्या नियमाची पाच मिनिटांची फेरी, मग मेल. तुम्ही धापा टाकत येता तेव्हा मी तेच काम करत बसलेलो असतो. उगाच कशाला ती शर्यत लावता?

तुमची खरी किंमत मला कळली ती एका अगदी शांत दिवशी. आमची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर होती. एचआरने ग्रुपांची साफसफाई काढली, त्यात तिचं नाव एका ग्रुपमधून उडालं. लायसन्स त्या ग्रुपमधूनच मिळत होतं, तेही गेलं. लायसन्स गेलं की क्लाउड पीसी ग्रेस पीरियडमध्ये जातो. सात दिवस थांबतो, मग आतल्या सामानासकट पुसला जातो. ती घरी बाळाच्या दुपट्यांत; लॉगिन करायचा प्रश्नच नव्हता, म्हणजे तक्रार येण्याचाही नव्हता. कुणाचं काहीच अडलेलं नव्हतं. तुम्ही तेवढे एका ओळीत सांगून गेलात, ‘ग्रेस पीरियडमध्ये एक क्लाउड पीसी’. नशिबाने त्या दिवशी मी मेल उघडला. लायसन्स परत दिलं, पीसी वाचला. ती रुजू झाली तेव्हा अर्धवट राहिलेली एक्सेल फाइल जिथल्या तिथे होती. तिला यातलं काही ठाऊक नाही. तेव्हा तिच्या वतीनेही आभार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जे मला फोन करून कुणीच सांगणार नाही, ते तुम्ही सांगा. बाकीचं आमचं आम्हाला कळतं. आमच्या सोसायटीचा रखवालदार जागा आहे हे दाखवायला रात्रभर शिट्टी फुंकतो आणि टाकी वाहत असते तेव्हा नेमका गप्प बसतो. तसं तुमचं होऊ नये.

आता विनंत्या. सबनेटचं घ्या. आमच्या थोर पूर्वजांनी क्लाउड पीसींसाठी /२७ चं सबनेट पाडून ठेवलंय. त्यात आयपी पत्ते ३२. पाच ॲझ्युर स्वतःकडे ठेवतं, उरले २७. अठ्ठाविसावा माणूस नोकरीला लागतो त्या दिवशी प्रोव्हिजनिंग, म्हणजे नवा पीसी तयार करणं, फसतं आणि तो पोरगा नवा शर्ट घालून रिसेप्शनवर बसून राहतो. प्रोव्हिजनिंग फसल्याचं तुम्ही तेव्हा सांगताच. पण नेटवर्क जोडणीची तपासणी दर सहा तासांनी होते आणि तीत पत्त्यांचा हिशेबही असतो. दोनचार उरले की तेव्हाच कानावर घाला. कॉल सेंटरवाल्यांची प्रोफाइल ज्या फाइल शेअरवर राहतात तो ऐंशी टक्के भरला की तेही सांगा. पूर्ण भरल्यावर सांगायला सगळं कॉल सेंटर आहेच.

मी माझ्याकडून काय करणार तेही लिहून देतो. संध्याकाळनंतर कॉल सेंटरच्या होस्ट पूलपुरते, म्हणजे त्या सामाईक मशीनपुरते, तुमचे मेल-मेसेज थोपवायचा नियम लावतोय. अपमान मानू नका, तुम्हालाही विश्रांती. यादीतली नावं काढून तिथे ड्यूटीवर असेल त्याचा एकच पत्ता ठेवतोय, ऑफिसबाहेर फोनवर उघडणारा. ॲझ्युरकडच्या तुमच्या भावंडांना एसएमएस करता येतो. रात्रीपुरता तो फक्त शून्य नंबरसाठी. आणि शून्य नंबर कशाला द्यायचा, हे साहेबांना विचारून नाही, हेल्पडेस्कच्या पोरांना विचारून ठरवणार.

घरच्या सर्वांना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
रात्रपाळीचा ॲडमिन

ता. क. : सोमवारी सकाळी एका चाचणीच्या खात्याचं लायसन्स मुद्दाम काढून घेणार आहे. नव्या पत्त्यावर येता का ते बघायचंय. मंगळवारपर्यंत आला नाहीत तर तुमच्या दप्तरात परत शिरावं लागेल, तेव्हा कृपा करून या.