मांडीआडचा चेंडू

वाशीच्या एपीएमसीत पहाटे कलिंगडाचा ट्रक लागला की मी गाळ्यावर बसून माथाडींचे हात बघतो. वरचा फळ सोडतो, खालचा झेलतो, पुढच्याला देतो. झेलताना तळवे फळाबरोबर पोटाकडे येतात, आवाज होत नाही. गेल्या चैत्रात हौसेने रांगेत उभा राहिलो. पहिलंच कलिंगड निसटून फुटलं. उजवी करंगळी आता वळत नाही.

मुंबईच्या कांगा क्रिकेट लीगमध्ये बावीस पावसाळे कीपिंग केलं. सुटलेले झेल विसरलो, पण लेगला जाणारी गुगली अजून झोपेत येते. टप्पा पडला की चेंडू फलंदाजाच्या मांडीआड जातो. दिसत नाही, पण हात तिथे हवेत. मी नेहमी क्षणभर आधी उठायचो. तेवढ्यात चेंडू ग्लोव्हजखालून निघून जायचा.

भारताचे कीपर नरेन ताम्हाणे लेगस्पिनर सुभाष गुप्त्यांना स्टंपजवळ उभे राहायचे. २१ कसोटींत ५१ बळी, त्यांत १६ स्टंपिंग. मामा सांगायचा, ताम्हाणे कीपिंग करताहेत हे कळायचंसुद्धा नाही. माझं मात्र लोकांना कळायला हवं होतं. गरज नसताना मध्यमगती गोलंदाजालाही मी स्टंपला चिकटायचो, कारण तंबूतून लोक बघत असत. बाईज जायच्या, गोलंदाज चिडायचे. माझ्या वहीत केलेली स्टंपिंग तारखेसह आहेत, हुकलेलं एकही नाही.

माझ्या मित्रांना फारुख इंजिनिअर व्हायचं होतं. दादरचा हा माणूस १९६८ ते १९७६ लँकेशायरसाठी कीपिंग करत होता. १९६७ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने जेवणाआधीच ९४ धावा केल्या. तशी बॅट लाखात एकाची. आता मात्र ती प्रत्येक कीपरकडून मागतात. ताम्हाण्यांना आज कुणी संघात घेतलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या गाळ्यावरच्या एका माथाडीचा चौदा वर्षांचा मुलगा रविवारी माझ्याकडे शिकतो. परवा त्याला लेगला गुगली टाकली. टप्पा पडायच्या आत त्याचा डावा पाय सरकला होता, पण कंबर वाकलेलीच होती. चेंडू मांडीआड गेला आणि बापासारखेच तळवे पोटाकडे आले. आवाज झाला नाही. हे मी त्याला शिकवलेलं नाही, मला येतच नव्हतं.

एका क्लबात त्याला नेलं. पहिला प्रश्न आला, "बॅटिंग कितव्या नंबरला?"

संघ निवडणाऱ्यांनो, आधी त्याला लेगस्पिनरच्या सहा ओव्हर्स उभं करा आणि जवळ जाऊन बघा. रन नंतर विचारा.